जाहिरातीपुरता तपास

गेणभाऊ : या पृथ्वीच्या पाठीवर न उलगडणारा गुन्हा नाही, शेठ. डोळा पाहिजे, डोळा. माणसाचा डोळा तयार असला की वस्तू आपण होऊन बोलायला लागती.

सोनीबाई : मग रिमोटाला विचारा कुठं हाय. मघापास्नं तुमी त्याच्यावर बसलाय.

फतेचंद : तरीच आपोआप भजनाचं चॅनेल लागलं. मी म्हटलं, वय झालं, वरूनच काही संकेत असेल.

गेणभाऊ : लावा, लावा. सुरू झाली असंल. शेठ, मंचरचं खताचं दुकान पोराच्या हवाली करून तुमी रोज इथं येऊन बसता, ते ह्या मालिकेसाठी, हे मी कुणाला सांगत न्हाई.

फतेचंद : घरी नातीच्या, सिद्धीच्या परीक्षेचा अभ्यास असतो, म्हणून येतो. मालिका काय, टाकाऊच आहे. कालचा भाग तर इतका टाकाऊ, की मी आज सकाळी तो पुन्हा मोबाइलवर बघितला.

सोनीबाई : चहा ठेवू का शेठ?

फतेचंद : नको वहिनी. दिवस मावळला. आमचं खाणंपिणं आता सकाळीच.

गेणभाऊ : हा बघा आला. इनिस्पेक्टर. बाहेर वैशाख, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि ह्यो लांब काळा कोट घालून उसाच्या बांधावर उभा. घाम न्हाई. ज्याला घाम येत न्हाई त्याला मी पोलीस मानत न्हाई.

फतेचंद : कापड मात्र चांगलं आहे.

सोनीबाई : कापडाचं सोडा. ती खेड्यातली बाई म्हणून उभी केलीय ती बघा. पहिल्या भागापास्नं पाखडतीय, आणि सुपात दाणा न्हाई. तिला कुणी काय बी विचारलं की म्हनती, 'साहेब, आमास्नी काय बी ठावं न्हाई.' मग एवढा येळ तिथं बसून केलं काय तिनं?

गेणभाऊ : आणि ती गुंडी. वीस वर्षांमागं मेलेल्या बागाईतदाराच्या सदऱ्याची गुंडी यांना रानात सापडली. वीस वर्षं त्या रानात नांगर चालला, रोटर फिरला, कांदा लावला, कांदा काढला, भाव पडला म्हणून त्यातच गाडला. तरी गुंडी जागची हलली न्हाई. वर दोऱ्यासकट.

सोनीबाई : माझी विळी सकाळपास्नं सापडंना.

फतेचंद : त्या गुंडीवरून त्यांनी रक्ताचा गटसुद्धा काढला. आमच्याकडे डोळ्याचा नंबर काढायला दोन खेपा घालाव्या लागतात.

गेणभाऊ : विषाचं तर विचारूच नका. त्या बागाईतदाराला दुधातनं विष दिलं. बरं. मग ह्यो गडी जिना चढला, दिवा लावला, खिडकी उघडली, बायकोला 'माझ्या पश्चात बंगला धाकट्याला' असं नीट, पूर्ण वाक्य बोलला, आणि मग पडला. अहो, आमच्या बोक्यानं उंदराचं औषध चाटलं व्हतं, त्याला उंबरा वलांडता आला न्हाई. विष म्हना, गुंगी म्हना, आधी पाय जातात. लिहून ठेवा. ज्याचे पाय चालत्यात, त्याला कुणी काय बी दिलेलं नसतं.

सोनीबाई : काय म्हनला? पुन्हा म्हना.

गेणभाऊ : आधी पाय जातात. का?

सोनीबाई : काय न्हाई. ध्यानात ठेवते.

गेणभाऊ : आवाज वाढवा शेठ. पलीकडं काय ठोकाठोकी चालवलीय?

सोनीबाई : मांडव हाय त्यो. तुमच्या पुतणीच्या लग्नाचा. उद्या हळद, परवा लगीन. सगळ्या गावाला ठावं हाय. तुमाला तेवढं ठोकाठोकी वाटती.

गेणभाऊ : आमच्या दोघांत मधी पत्रा ठोकला तवापास्नं पलीकडचं मला काय बी ठावं न्हाई.

सोनीबाई : त्या सुपवाल्या बाईसारखं बोलू नका.

फतेचंद : बघा, बघा, आता तो बंगल्यात शिरतोय.

सोनीबाई : शेठ, तुमीच सांगा. जया सात वर्षांची होईस्तवर माझ्या पदराला धरून वाढली. काल पोर त्या पत्र्याच्या फटीपाशी आली. आत न्हाई आली. म्हनली, काकी, थोरले आबा येनार का तेवढं विचार. चुलतीनं हळद लावायची असती, तू न्हाई आलीस तर मी कुणाकडनं लावून घेऊ? मी काय सांगू तिला? मालिका संपू दे म्हनू?

गेणभाऊ : तुला जायचं तर जा.

सोनीबाई : एकटी जाऊ? बाया विचारतील, मालक कुठं हायेत. म्हनंन, पत्र्याच्या पलीकडं बसल्यात, गुंडी शोधत्यात.

गेणभाऊ : ज्यानं माझ्या पाखऱ्या बैलाला गुंगीचं घातलं, त्या दादाभाऊच्या दारात मी अक्षता टाकायला जाऊ? सख्खा भाऊ असून? जत्रेच्या दिवशी, अख्ख्या पंचक्रोशीदेखत माझा गाडा शर्यतीच्या घाटात वाया घालवला त्यानं. त्या सालानंतर शर्यतीवर बंदीच आली. पाखऱ्याला पुन्हा पळून दाखवायला मिळालं न्हाई. त्यो बैल डाग घेऊन मेला.

सोनीबाई : कोर्टानं बंदी उठवून किती दिस झालं. तुमी कवा उठवताय?

फतेचंद : जाहिरात लागली.

सोनीबाई : बरं झालं. आता पंख्याची, मग साबणाची, मग त्या गुडघ्याच्या तेलाची. तेलाचा म्हातारा नाचून होईस्तवर मी यांची केस लावते. शेठ, तुमी साक्षीदार. तुमी तवा घाटावर व्हता.

फतेचंद : मी फक्त बक्षीस द्यायला होतो, वहिनी. मला बैलातलं काही कळत नाही.

सोनीबाई : कोटवाल्याला कुठं कळतंय. हां, सांगा. पाखऱ्याला गुंगीचं कुणी घातलं?

गेणभाऊ : दादाभाऊनं.

सोनीबाई : कशावरनं?

गेणभाऊ : पहाटे गोठ्यातनं बाहेर पडताना ह्या डोळ्यांनी बघितला त्याला. तयार डोळ्यांनी.

सोनीबाई : हातात काय व्हतं त्याच्या?

गेणभाऊ : हातात? कासरा.

सोनीबाई : आणि कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला?

गेणभाऊ : घोडी. त्याची ती तांबडी.

सोनीबाई : म्हंजे गडी चोरून बैलाला औषध घालायला गेला, आणि जाताना संगं घोडी घेऊन गेला. खिंकाळती, टापा वाजवती घोडी. कुणाला पत्ता लागू नये म्हणून.

फतेचंद : हे मात्र मालिकेतसुद्धा चालणार नाही.

गेणभाऊ : घोडी न्यायला आला व्हता त्यो. त्याचं निमित्त केलं.

सोनीबाई : त्याच दिवशी घोडी सोडून न्यायचं काय नडलं व्हतं त्याला? तिनं तर गाड्यापुढं पळायचं. दर साली तीच पळायची, भावजी वर बसायचे.

गेणभाऊ : त्या साली नव्हती पळायची. मीच आदल्या सांजेला सांगितलं त्याला. म्हनलं, तुझी तांबडी आता म्हातारी झाली, खांदा पडलाय, फोटोत बरी दिसत न्हाई. बॅनरवर फोटो द्यायचा व्हता. मी येडगावची पांढरी भाड्यानं आणली व्हती. स्वार बी तिकडचाच.

सोनीबाई : मग भावजी काय म्हनले?

गेणभाऊ : काय न्हाई. बरं म्हनला. सकाळी लवकर घेऊन जातो म्हनला, जागा मोकळी करतो.

सोनीबाई : घाटात गाड्यापुढं घोडी कशाला पळवत्यात हो?

गेणभाऊ : शाळेतलं पोरगं सांगंल. बैलांनी तिच्यामागं पळावं म्हणून.

सोनीबाई : आणि पाखऱ्या वासरू व्हता तवापास्नं रातभर कुणाच्या शेजारी बांधला जायचा?

गेणभाऊ : साबणाची लागली बघ जाहिरात.

सोनीबाई : लागू द्या. शेठ, तुमी सांगा. यांच्या गाड्याची बारी सुटली. मग काय झालं?

फतेचंद : मला आठवतं तेवढं सांगतो. भंडारा उधळला, पांढरी घोडी सरळ वर गेली. एकटीच. मागे बघायचीसुद्धा तसदी घेतली नाही तिनं. गाडा निघाला, आणि अर्ध्यातून डावीकडे वळला. लोक पळाले, आमच्या मांडवाची दोरी तुटली, पेढ्यांचं खोकं खाली पडलं. पाखऱ्या बाकीच्या तिन्ही बैलांना आणि गाड्याला ओढत बांधाच्या बाभळीपर्यंत घेऊन गेला, आणि तिथे जाऊन शांत उभा राहिला.

सोनीबाई : तीन बैल आणि गाडा, एकट्यानं. आता ह्यांनी मघाशी काय लिहून ठेवायला सांगितलं व्हतं? आधी काय जातात म्हनला?

(पत्र्यापलीकडची ठोकाठोक थांबते.)

गेणभाऊ : ते माणसाचं व्हतं.

सोनीबाई : बोक्याचं व्हतं. बाभळीखाली कोण उभं व्हतं, शेठ?

फतेचंद : दादाभाऊ.

सोनीबाई : एकटे?

फतेचंद : घोडीवर बसलेले. जन्म घोडीवर गेलेला माणूस, पायी उभं राहून बारी कशी बघणार? पाखऱ्यानं जाऊन तांबडीच्या पोटाला तोंड घासलं. आमच्या घरच्या सज्जनबाई म्हणाल्या, बघा, जनावराला माया कळते. मग गेणभाऊ माझ्याकडे आले आणि म्हणाले, शेठ, माइक द्या, दोन शब्द बोलतो. मला वाटलं, आभार मानणार. दुकानातर्फे ढाल होती आमची.

सोनीबाई : आणि ह्यांनी माइकवर भावजींचं नाव घेतलं, गुंगीचं त्यानंच घातलं म्हनले, ते पार डिंभ्याच्या पावण्यांनी बी ऐकलं. तुमी सगळं बघत व्हता तर गप का बसला शेठ, एवढी वर्षं?

फतेचंद : वहिनी, दोघंही खत माझ्याकडूनच नेतात.

गेणभाऊ : म्हंजे तुमी मला रोज इथं बसून, त्या इनिस्पेक्टरला साधं दिसत न्हाई म्हणून हसू दिलं.

फतेचंद : मी पण हसत होतो. मला वाटायचं, तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्ही मनानं मोठे आहात म्हणून वेड पांघरताय.

सोनीबाई : पांघरलेलं नव्हतं शेठ, अंगचंच व्हतं.

गेणभाऊ : लागली बघ मालिका.

सोनीबाई : वाढवू आवाज?

गेणभाऊ : नगं. कमी कर.

फतेचंद : गेणभाऊ, खुनी कळतोय आता.

गेणभाऊ : कळू द्या. शेठ, मी त्या कोटवाल्यापेक्षा येडा निघालो का?

सोनीबाई : त्याच्याकडं कोट तरी हाय.

गेणभाऊ : पलीकडं आवाज का बंद झाला?

सोनीबाई : बंद होऊन लई येळ झाला. बाभळ आली तवापास्नं ऐकत्यात. पत्रा हाय त्यो, भिंत न्हाई. तुमी शिंकला तर तिकडची पोरं 'आबा शिंकले' म्हनत्यात.

गेणभाऊ : शेठ, तुमी जरा पलीकडं निरोप सांगा.

फतेचंद : मी कशाला? चार पावलांवर माणूस आहे. आणि मागच्या खेपेला मी तुम्हाला माइक दिला, तेव्हापासून मी मध्ये पडणं सोडलं.

गेणभाऊ : मग सोने, तू सांग. म्हनावं...

सोनीबाई : काय म्हनावं?

गेणभाऊ : म्हनावं, तांबडी चांगली व्हती.

सोनीबाई : एवढंच?

गेणभाऊ : फोटोत बी चांगली दिसली असती, म्हनावं.

सोनीबाई : भावजी, ऐकलं का? हे म्हनत्यात, तांबडी चांगली व्हती.

दादाभाऊ : ऐकलं, वयनी. तिला जाऊन आता लई दिस झालं. पाखऱ्याच्या मागं महिनाभरात गेली.

सोनीबाई : आता राहिलेत ते दोनच बैल. एक अलीकडं, एक पलीकडं. उद्या हळदीला मी येतीय भावजी, जयाला सांगा. यांचं हे सांगतील.

दादाभाऊ : ते कसं सांगतील? माइक मांडववाल्याकडं हाय.

फतेचंद : माइक देऊ नका त्यांना.

गेणभाऊ : दादा.

दादाभाऊ : हां.

गेणभाऊ : परवा मी आलो तर उभा कुठं राहू? वऱ्हाडातली माणसं विचारतील.

दादाभाऊ : पुढं रहा. थोरला चुलता मागं उभा राहिला तर आणखी विचारतील. बाभळीखाली जायचं मनात असंल तर ती तोडली कवाच, तिचीच लाकडं आता स्वयपाकाच्या चुलीत हायेत.

गेणभाऊ : बरं.

दादाभाऊ : पत्रा काढायचा का? पंगतीला जागा कमी पडती.

गेणभाऊ : सकाळी काढू. मी धरतो एका बाजूनं. गंजलाय, हात कापंल तुझा.

फतेचंद : अहो, मोलकरणीनं विष घातलं. दाखवतायत.

सोनीबाई : सूपवाली?

फतेचंद : तीच.

सोनीबाई : तरी म्हनलं, सुपात दाणा न्हाई.

दादाभाऊ : भाऊ, झोपलास का?

गेणभाऊ : न्हाई. बोल की.

दादाभाऊ : उद्या मंचरात कुणी जानार असंल तर बर्फाच्या दोन लाद्या सांगशील का? मठ्ठा गरम लागतोय.