माग थांबले तेव्हा

बसा मंडळी, बसा! पुढं सरका जरा, दाराशी गर्दी नको. पंखा सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, पण कीर्तनाचा सूर येतो. कुठंही बसा, तो तुम्हाला शोधत येतो!

हां... ते मागं कोण उठलं? बाळ रडतंय होय? आणि कार्यकर्ते लगेच हात करून दार दाखवतायत, "ताई, बाहेर, बाहेर!" गेली बिचारी. पायरीवर उभी आहे बघा, पदरानं वारा घालतेय. असू दे, तिथूनही ऐकू येतं. तिच्याकडं आपण परत येणार आहोत. तुम्ही विसराल, मी नाही विसरणार!

आता प्रश्न. दरवेळी मी विचारते आणि तुम्ही एकमेकांकडं बघता, तसं आज करायचं नाही. सांगा मला, मनातल्या देवाला हाक मारायची, मनातलं काम करायचं, तर त्याला घर शांत लागतं का?

लागतं! माना हलल्या! "पोरं मोठी होऊ देत, मग पोथी हातात घेईन." "नोकरीतून सुटलो की मग ध्यान!" पुढच्या रांगेतले काका हसले. म्हणजे नोकरीतून सुटलेत, आणि ध्यान अजून व्हायचंय!

तर मंडळी, ऐका. आजची गोष्ट पुराणातली नाही. यात राक्षस नाही, शाप नाही, आकाशवाणी नाही. यात एक सून आहे, एक सासू आहे, एक तान्हं लेकरू आहे. आणि तबलजी, दचकू नका, एक इलेक्ट्रिक गिटार आहे!

इचलकरंजी ठाऊक आहे ना? मागांचं गाव. कापड विणायचे यंत्रमाग घराला घर लागून. दिवस उजाडला की खटाक्-खट, खटाक्-खट! भिंतीवरची भांडी थरथरतात, चहाच्या कपात लाटा उठतात. तिथली माणसं बोलत नाहीत, ओरडतात. भांडत नसतात हो, जेवायला बोलवत असतात!

अशा गावात लग्न होऊन आली शलाका. माहेर देवगडचं. तिथं काय? माड, आणि समुद्राची गाज. दुपारी आंबा पडला तरी शेजारणीला ऐकू जावा अशी शांतता! पण पोरीच्या बोटांत सूर होता. कॉलेजात गिटार शिकली, आणि इचलकरंजीत आल्यावर नानू मास्तरांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायला लागली. नवरा सुशांत मागाच्या कारखान्यात, सासू इंदुबाई चौंडेश्वरीच्या देवळातल्या भजनी मंडळात. म्हणजे घरात सुराला कुणाचा विरोध नाही. सासूनं तर लग्नातच सांगितलं होतं, "आमच्यात बाईनं गायला लाजायचं नसतं, न गायला लाजायचं असतं!"

मग अडलं कुठं? मुक्ता झाली! गोड, गुबगुबीत, मुठी आवळून झोपणारी मुक्ता. आणि शलाकाच्या मनानं एकच घेतलं की बाळ झोपलंय, आवाज नको! दार हळू. पाऊल हळू. कुकरची शिट्टी व्हायच्या आत धावत जाऊन गॅस बंद! बाहेर माग धडधडतायत, आणि ही आत चमचा ठेवते तो फडक्यावर. माहेरची रीत हो, अंगात मुरलेली. देवगडात बाळ झोपलं की कोंबडीलासुद्धा गप्प करतात!

आणि तेवढ्यात मास्तरांचा निरोप आला. "नवरात्रात कार्यक्रम हाईत. नवीन गाणी घेतोय. त्यात गिटारचे नाना आवाज लागतात, नुसतं टिंग-टिंग न्हाई चालायचं. मल्टीइफेक्ट पेडल घे, आन् तालमीला ये. न्हाईतर कीबोर्डवाला गिटारचं सगळं काढतो म्हणतोय."

मल्टीइफेक्ट पेडल म्हणजे काय? सांगते. लोखंडाची एक चपटी पेटी, पाटापेक्षा लहान. गिटारची वायर एका बाजूनं आत, दुसरी वायर बाहेर. मधे पायानं दाबायचं! एकदा दाबलं की गिटार गाभाऱ्यात घुमल्यासारखी. पुन्हा दाबलं, करवत चालल्यासारखी. पुन्हा दाबलं की बेडूक पाण्यात तोंड घालून बोलल्यासारखी. वाँव, वाँव! पेटीवाले, तुम्ही हसू नका, तुमच्या पेटीला असं बटण असतं तर तुम्ही मला एक शब्द बोलू दिला नसता!

शलाकानं निरोप दोनदा ऐकला. कीबोर्डवर गिटार? म्हणजे आपली खुर्चीच गेली! खुर्ची एकदा गेली की बाळंतपणानं सुटलेली गिटार कायमची सुटली, हे तिला कळत होतं. कुणी काढून घेतलं नसतं हो. नुसतं "आता कुठं जमतंय" म्हणत म्हणत गेलं असतं. बायकांचं असंच जातं ना? चोरी होत नाही, विरून जातं.

मग सुरू झाला शोध! परवडणारा पाहिजे, आणि चांगलाही पाहिजे. जो पटतो तो परवडत नाही, जो परवडतो तो मनात भरत नाही! मांडीवर मुक्ता दूध पितेय, आणि आईच्या दुसऱ्या हातात मोबाइल. पेडल कसे वाजतात त्याचे व्हिडिओ! एक दाढीवाला म्हणतो, हाच घ्या. दुसरा टोपीवाला म्हणतो, हा घेतलात तर पस्तावाल. खाली लोक भांडतायत ते वेगळंच. एक व्हिडिओ अर्धा सोडून दुसरा, दुसरा सोडून तिसरा. पोळी करपली, दूध उतू गेलं, मन काही ठरेना!

आणि गंमत ऐका मंडळी. हे सगळे व्हिडिओ ती बघत होती आवाज बंद करून! बाळ झोपलंय ना! आवाजाची पारख, आणि तीही मुक्यानं! हसताय? हसा. आणि मनात विचारा, आपण किती गोष्टी अशाच पारखल्या?

शेवटी कोल्हापूरला गेली. वाद्यांच्या दुकानात अल्ताफभाई. त्यांनी तिला ऑर्केस्ट्रात वाजवताना बघितलेलं. म्हणाले, "ताई, या गर्दीत काय ठरवणार? दोन्ही घेऊन जा. घरी वाजवा. जो तुमचा, तो ठेवा. दुसरा परत आणा." दोन पेडल! एक नवा कोरा, चमकता पडदा, आत शेकडो आवाज. दुसरा कुणीतरी वापरलेला, साधा, फिरवायच्या मोजक्या बटणांचा, एका कोपऱ्यात रंग उडालेला.

घरी येऊन ऐकले. कसे? कानाला हेडफोन लावून! चमकत्या पेडलचं बटण दाबलं आणि अहाहा! दोन्ही कानांत आभाळ उघडलं! एक तार छेडावी तर दरीतून दहा तारांनी उत्तर द्यावं. साधा पेडल लावला, तर आवाज कोरडा, खरखरीत. परवाची भाकरी! ठरलं. चमकताच घ्यायचा.

मुक्ताला सासूजवळ ठेवून तालमीला गेली. मोठे स्पीकर, ढोलकी, ड्रम, दोन गायक. शलाकानं पायानं बटण दाबलं, तार छेडली... आणि सगळा चिखल! ते आभाळ, ती दरी, सगळं एकात एक कालवलं. ना सूर कळे, ना ताल. मास्तरांनी हात वर केला. सगळे थांबले.

"शलाका, ही गिटार हाय का विहिरीत पडलेली बादली?"

पोरं फिदीफिदी हसली. कीबोर्डवाला हसला नाही. त्यानं नुसती वाजवायला आपली बोटं मोकळी केली, आणि ते जास्त लागलं.

"घरी छान वाजत होता, मास्तर."

"घरी कार्यक्रम हाय काय आपला? उद्या शेवटची तालीम. जमलं तर ये. न्हाई जमलं तर... लेकरू लहान हाय तुझं, समजून घिऊ आमी."

समजून घेऊ! मंडळी, शिवी परवडली, पण हे नको. प्रेमानं दार लावलं की परत वाजवताही येत नाही!

दुसरा दिवस. शलाकाला बसवेना, उठवेना. दोन्ही पेडल खोक्यात भरले. परत बाहेर काढले. गिटार भिंतीला टेकवली, परत मांडीवर घेतली. दुपारी मुक्ता पाळण्यात झोपली तेव्हा म्हणाली, एकदा शेवटचं बघू. मग देऊन टाकू दोन्ही. हेडफोन चढवला, पाठ पाळण्याकडं, डोळे मिटलेले, बोटं तारांवर.

आणि वीज गेली!

दोन्ही पेडल बॅटरीवर चालणारे, म्हणून सूर बंद पडला नाही. तिच्या कानांतलं आभाळ तसंच. पण बाहेर गल्लीतले सगळे माग एका क्षणात थांबले. इचलकरंजीत अशी शांतता पडली, मंडळी, की आपलाच श्वास आपल्याला परका वाटावा!

शलाकाला काही पत्ता नाही. ती वाजवतेय.

खांद्यावर हात पडला. वळली. सासूबाई उभ्या. आणि त्यांच्या कडेवर मुक्ता, लालबुंद, तोंड उघडं, डोळ्यांतून धारा. शलाकानं हेडफोन ओढून काढला आणि तो आक्रोश तिच्या कानावर पडला. केव्हाचा चालला होता! चार पावलांवर लेक रडत होती, आणि जिनं तिच्यासाठी चमच्याचा आवाज होऊ दिला नव्हता, तिलाच ऐकू आलं नव्हतं!

"आत्ती, माझ्यामुळं... मी उठवली का हिला?" तिकडं सुना सासूला आत्ती म्हणतात.

"तू कशानं उठवतीस? तुजा आवाज येतोय कुटं?" इंदुबाई म्हणाल्या. "माग थांबलं म्हणून उठली ती! हिचा बा असाच हुता. वीज गेली की भोंगा सुरू! मागाच्या पोरांना आवाजात झोप लागती, बाई. गप्प झालं की भ्या वाटतं त्यास्नी."

शलाकानं लेकीचे डोळे पुसले. इतके दिवस चवड्यावर चालली ती कुणासाठी?

"आन् खरं सांगू? तू दोऱ्या हलवत बसतीस, आमी बगतो. मुक्ती बी बगती. पर तिनं एकदा तरी आईला वाजवताना ऐकलंय का? थांब!" म्हणाल्या आणि कोनाड्यातून भजनी मंडळाचा स्पीकर काढून आणला. चार्जिंगचा, माइक लावायचा, देवळात एका हातानं उचलून नेतात तो. "लाव ह्येला. आन् वाजव मोट्यानं!"

शलाकानं घाईघाईत चमकता पेडल जोडला. छेडला. घूँऽऽ! बादली परत विहिरीत! मुक्तानं टाहो फोडला. शलाकानं लगेच बटण बंद केलं. काढली वायर. खोक्यातून तो साधा, कोपरा झिजलेला पेडल काढला, जोडला, एक तार छेडली.

टणक्! स्वच्छ. उभा. एकटा, पण ताठ. हेडफोनमधली ती परवाची भाकरी स्पीकरवर आली आणि गरम झाली हो!

मुक्ता हुंदका अर्धा ठेवून बघायला लागली.

आता काय वाजवावं? शलाकाच्या तळहातानं आपणहून तारा दाबल्या. दाबून मारलं की गिटार गात नाही, ठोकते. खट! एक बटण फिरवलं, प्रतिध्वनीचं, अगदी थोडंसं. एक ठोका मारला की मागून दुसरा आपोआप यायचा. खटाक्-खट. खटाक्-खट. खटाक्-खट!

"अगो बया," सासूबाई पुटपुटल्या, "माग चालू केलास की!"

त्या ठोक्यावर शलाकानं हळूच वरच्या तारेवर एक सूर सोडला. माहेरच्या गाजेसारखा, लांबलचक. मुक्ताच्या पापण्या जड झाल्या, मान आजीच्या खांद्यावर कलली. आणि ती झोपली! स्पीकर वाजतोय, आणि लेकरू झोपलंय!

तेवढ्यात वीज आली. सगळी गल्ली पुन्हा धडधडायला लागली. शलाका थांबली नाही. आता खरी परीक्षा होती ना! खऱ्या मागांच्या धडधडाटात तो सूर टिकतो का? टिकला. बुडाला नाही. त्या गलक्याच्या खांद्यावर चढून बसला, जत्रेत बापाच्या खांद्यावर पोर बसतं तसा! कुठला पेडल घ्यायचा? आता विचारायची गरजच उरली नव्हती.

संध्याकाळी तालमीला गेली ती एकटी नाही. काखेत गिटार, पिशवीत साधा पेडल, मागं सासूबाई, त्यांच्या खांद्यावर झोपलेली मुक्ता.

मास्तर बघून चपापले. "इंदुमावशी, लेकरू घिऊन? हितं ड्रम हाईत!"

"वाजवा की. आवाजात झोपती ती."

गाणं सुरू झालं. ढोलकी, ड्रम, गायक, आणि त्या सगळ्यातून वर आली गिटार. या वेळी मास्तरांचा हात वर गेला नाही. कीबोर्डवाल्यानं आपणहून हात उचलून मांडीवर ठेवले. गाणं संपलं, टाळ्या थांबल्या, खोली गप्प झाली. आणि सासूबाईंच्या खांद्यावर मुक्ता चुळबुळायला लागली. ओठ काढला. आता भोंगा सुरू होणार...

"अरं, थांबलासा कशाला!" मास्तर ओरडले. "फुडचं गाणं घ्या! शलाका, तू उचल!"

मंडळी, तिची खुर्ची राहिली. चमकता पेडल अल्ताफभाईंकडं परत गेला. चांगलाच होता हो तो, पेडलला दोष नाही! घर गप्प ठेवून, कान झाकून निवडला, तो दोष.

आता तुमच्याकडं वळू? वळते!

तुम्ही कुणाच्या झोपेसाठी चवड्यावर चालताय? घर शांत झालं की हाक मारीन, सगळं आवरलं की गाईन! अहो, घर कधी शांत होतं ठाऊक आहे का? सगळे निघून गेले की! तेव्हा कुणासाठी गाणार? देवाला काय आपण हेडफोनवरच हाक मारायची? आपल्यालाच ऐकू जाईल, शेजारच्याला कळणार नाही, घरच्यांना त्रास होणार नाही अशी? भांड्यांच्या आवाजात, शाळेच्या घाईत, सासूच्या खोकल्यात, नवऱ्याच्या "माझा टॉवेल कुठं?" मधे जो सूर वर येतो, तो तुमचा. जो बुडतो, तो अजून मिळायचाय. शोधा!

आणि हां, विसरले नाही मी. पायरीवरच्या ताई! आत या. नाही, मागं नको, इथं, तबल्याच्या शेजारी. वाट द्या, कार्यकर्ते! बाळ उठेल म्हणून भिता? बघा तरी त्याच्याकडं. आपण इतका वेळ बोलतोय, टाळ वाजतोय, आणि ते झोपलंय!

आता टाळी धरा, मंडळी. नाम घ्या, जोरात घ्या, बेसूर असलात तरी घ्या. आणि तबलजी, तुम्हाला एकच विनंती.

थांबू नका! थांबलात, की ते बाळ उठेल!