जुनीचं नाव नवीला

सोलापूरच्या एसटी स्टँडवर सांगोल्याच्या गाडीची वाट बघत बाप-लेक माझ्या शेजारी बसले होते. लेकीच्या मांडीवर लॅपटॉप होता.

"सोनाली, आईच्या पुण्यतिथीचा व्हिडिओ जमला का गं?"

"न्हाय, आबा. फोटो जोडायचं सॉफ्टवेअर टाकलं, पण एक लायब्ररी न्हाय म्हणतंय."

"म्हंजे?"

"त्याला चालायला लागणारी फाईल. लॅपटॉपच्या लिनक्स सिस्टिममदी आता नवी आलीय, ह्याला जुनीच पायजे."

"मग नवी दे की."

"दिली. नवीला जुनीचंच नाव दिलं. सुरू झालं, पण आईचा फोटो घेतला की बंद पडतंय."

"का?"

"नाव जुनं असलं तरी ती नवीच की. जुनीचं काम तिला कसं येणार? माझीच चूक. आता तिचं नाव तिला परत देते आन जुनी शोधून शेजारी ठेवते. दोन्ही राहतात, आबा."

आबा तिच्याकडं वळले.

"सोनाली, तुझ्या नव्या आईचं माहेरचं नाव काय गं?"

"इंदू. तुमीच लग्नात बदलून आईचं नाव ठेवलं की. ताना."

"व्हय. मीच ठेवलं."

"आबा, काय झालं?"

"घरला फोन लाव. हितं दे, मी बोलतो."

तिनं फोन लावून दिला.

"हॅलो, इंदू... हॅलो? आगं, गप का? तुलाच हाक मारतोय."