उजव्या पायाचा घट्टा

(तीर्थपुरीजवळच्या एका गावात आदिनाथच्या घराची ओसरी. दिवस कललेला. आदिनाथचा डावा पाय पाटावर, उजवा घमेल्यातल्या पाण्यात, आणि समोर पाय घासायची वजरी घेऊन बसलेला कल्याण. आत चुलीपाशी आदिनाथची बायको नंदाबाई. दोघं एकाच दिवशी भरती झाले, एकाच पलटणीतून एकाच साली घरी आले. उद्या संभाजीनगरला मिल्ट्रीच्या डॉक्टरांचा बोर्ड पाय तपासणार आहे, ते मात्र एकट्या आदिनाथचे. कल्याणला ते काही केल्या गिळवत नाही.)

कल्याण : हलू नको ना. डाव्याचा घट्टा पुरा निघाला बघ, लेकराच्या तळव्यावानी झाला. उजवा भिजू दे अजून.

आदिनाथ : जरा जास्तच झालं का रे? आग व्हायली.

कल्याण : होऊ दे. उद्या बोर्डापुढं जायचंय, वखराला न्हाई. सुभेदार साहेब पाय तपासायचे तवा कसे उभे राहायचो आपण? नखं कापलेली, बेचक्यात पावडर. एकाच्या टाचंला मळ दिसला की सगळ्या प्लाटूनला मैदानाचे चक्कर.

आदिनाथ : ते हाय बराबर. पण घनसावंगीला माजी सैनिकांच्या बैठकीत ते कॅप्टन साहेब नेमकं काय म्हणले, परत एकडाव सांग.

कल्याण : किती डाव सांगू? पाय साफ पाहिजेत, बूट नवे पाहिजेत. फौजी माणूस फौजीवानी दिसला पाहिजे.

आदिनाथ : चिडू नको. कापूस वेचायला बाया लावल्त्या, मला यायला जमलं न्हाई, म्हणून तुला धाडलं. ह्या बोर्डानं टक्के वीसच्या खाली आणले की अपंगाची पेन्शन बंद. तेवढ्यासाठी इचारून राह्यलो.

कल्याण : तुझं काय बंद होतंय. उजव्या पायाच्या एका करंगळीवर उभी जिंदगी निघाली तुझी.

आदिनाथ : बर्फानं खाल्ली ती करंगळी. मी काय इकली न्हाई.

कल्याण : सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्याला कोण? आदिनाथ. गणपतीला पहिला नारळ कुणाच्या हातात? आदिनाथच्या. माझ्या दारात उभं राहून पाव्हणे इचारतेत, फौजीचं घर कोणतं, अन् पोरं म्हणतेत, अजून पुढं जा. मी काय पोस्टात होतो का?

नंदाबाई : भाऊजी, पाणी निवलं असंल. चुलीवरचं आणलंय, वतू का?

कल्याण : वता वहिनी. घट्टा नरम पडला पाहिजे.

नंदाबाई : अन् ते बूट आणले तीर्थपुरीवरून, तुम्ही सांगितल्ते तसलेच. जुनी चप्पल तेवढी म्या टाकली न्हाई. उजव्या अंगानं पार झिजली, पण वावरात चालंल.

कल्याण : टाका म्हणलो होतो ना तुम्हाला.

नंदाबाई : टाकीन की. एवढी काय घाई हाय तिची?

कल्याण : घाई काय न्हाई. बघ आदिनाथ, तुला पाणी आणून द्यायला माणूस हाय. आमच्या बायकोला, तुळजाला म्हणलं टाच ठणकायली, तर म्हणती, दहाच्या दहा बोटं हायत तुम्हाला, काय रडायले. बरं चल, उजवा धर वर. आई गं...

आदिनाथ : काय झालं?

कल्याण : हात भाजला माझा. पाणी कसं लागायलंय तुला?

आदिनाथ : कोमट असंल.

कल्याण : असंल म्हंजी? पाय काढ. आदिनाथ, जल्दी काढ पाय. वहिनी, माठातलं पाणी आणा, तांब्या भरून आणा.

नंदाबाई : अगं बाई, म्या उकळतंच वतलं का काय. हे घ्या. वता, अजून वता.

कल्याण : लालभडक झालाय रे. तुला बिलकुल कळलं न्हाई?

आदिनाथ : त्या पायाचं मला काहीच कळत न्हाई. मागं गोठ्यात खिळा घुसल्ता. घरभर हिंडलो तसाच. फरशीवरचं रगत बघून हिनं सांगितलं.

कल्याण : मला कधी बोलला न्हाईस.

आदिनाथ : तुला काय बोलायचं? तू करंगळीच्या पुढं जातच न्हाईस. घे वजरी, उरक. सकाळी सहाची गाडी हाय.

कल्याण : न्हाई घासायचा हा.

आदिनाथ : का?

कल्याण : कॅप्टन साहेब उलटं म्हणल्ते. पायाचा बोर्ड हाय त्यानं आठ दिवस पायाला दगड लावू नये. घट्टा कुठं पडला ते बघून डॉक्टरला कळतं, माणूस वजन कुठं टाकतो, पाऊल वाकडं पडतं का सरळ. अन् रोजची चप्पल घालून या, म्हणले. ती कोणत्या अंगानं झिजली ते बी बघतेत.

नंदाबाई : म्हंजी तुमच्या ध्यानातून गेल्तं, भाऊजी?

कल्याण : न्हाई वहिनी. जाणून केलं.

नंदाबाई : तुमच्याबिगर ह्या घरात एक सण केला न्हाई आम्ही. पुरणाची पहिली पोळी तुमच्या ताटात पडती. अन् तुम्ही आमच्याच ओसरीवर बसून आमचं वाटोळं करायले?

आदिनाथ : थांब जरा, नंदा. का रे कल्याण?

कल्याण : जळतो म्हणून. दुसरं काय सांगू? तुझी फाईल लावायला माझ्याकडंच दिल्तीस ना? त्यात कागद हाय, जवान पोस्टवरून स्वतः चालत खाली आला. स्वतः. त्या दिवशी तू कुणाच्या पाठीवर होतास, आदिनाथ?

आदिनाथ : तुझ्या.

कल्याण : कमरंएवढ्या बर्फात तुला अडीच घंटे वाहून आणलं. माझे मोजे भिजून लाकूड झालते. तवापासून सकाळी उठलं की भिंत धरून मोरीवर जातो मी. अन् माझ्या कागदावर काय हाय? तंदुरुस्त. तुझ्या पायाला सरकार गाडीभाडं देऊन बोलावतंय, माझ्या पायाकडं घरचं माणूस बघत न्हाई.

नंदाबाई : अहो, मला तर तुम्ही सांगितल्तं, रांगत आलो म्हणून.

आदिनाथ : सांगितल्तं. कल्याण, हेलिपॅडवर मला खाली ठेवलंस तवा काय म्हणलास, आठवतं?

कल्याण : राहू दे ते.

आदिनाथ : सांग ना, तिच्यासमोर सांग.

कल्याण : म्हणलो, माझं नाव घेऊ नको. नाव घेतलं की डॉक्टर माझे बी बूट काढायला लावील, दवाखान्यात टाकील. पुढल्या महिन्यात नाईकच्या बढतीचा कोर्स हाय, तो जाईल.

आदिनाथ : कोर्स झाला. फीत लागली. तू गावात पेढे वाटले, मी दवाखान्यात पडून होतो. पण नाव न्हाई घेतलं. सोळा वर्सं न्हाई घेतलं. शाळेत म्हणतेत, दोन शब्द बोला, तर मी खुर्चीतून उठत न्हाई. चालत आलो असं तोंडानं म्हणवत न्हाई, अन् तुझं नाव घ्यायची सोय न्हाई.

कल्याण : मला वाटायचं, ऐटीत बसून राहतो.

आदिनाथ : ऐट कशाची रे? उद्या सांगतो डॉक्टरला, चालत न्हाई आलो म्हणून.

कल्याण : आता कोण लिहून घेतंय? अन् घेतलं तरी माझा काय कागद व्हायचा न्हाई. खरं सांगू का, तू सांगितलंस तरी माझं जळणं थांबंल असं मला वाटत न्हाई.

आदिनाथ : न थांबू दे. डाव्याचा घट्टा तर गेलाच. उजवा एवढा भाजला, आता बूट घालणं काय जमायचं न्हाई. तू सोबत ये. बसमध्ये चढायला कुणीतरी पाहिजे.

कल्याण : येतो. ती जुनी चप्पल घाल.

आदिनाथ : नंदा, चप्पल काढून ठेव.

नंदाबाई : ठेवते. भाऊजी, तुम्ही इकडं पाटावर बसा. बघू द्या तुमचे पाय.

कल्याण : काय बघायचं वहिनी. दहाच्या दहा हायत.