चंद्राक्कांचा डावा हात

मंडळी, एक विचारतो. देवावर भार टाकायचा म्हणजे आपण काहीच करायचं नाही का? ते खांबाशेजारचे काका मान हलवतायत — हो म्हणतायत की डुलकी लागलीय? ऐका तर!

हर्णैच्या चंद्राक्का तांडेल. नवरा गजानन बोटीवर इंजिनाला तेल घालायचा. जपानच्या बंदरात त्याने मनगटी घड्याळ घेतलं, ते मरेपर्यंत हातातून काढलं नाही. तो गेला, आणि अक्कांनी घड्याळ कुठे ठेवलं? देव्हाऱ्यात! रोज हळद, कुंकू, फूल! दोन दिवसांत घड्याळ बंद. "धनी गेले, त्यांच्यामागे हेही गेलं," अक्का म्हणाल्या.

वर्षभराने अक्कांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात लुळा! डॉक्टर म्हणाले, "उजव्याने उचलून रोज हलवा. आता बसून राहिलात तर हा हात कायमचा जाईल."

"देवाची मर्जी असेल तर हलेल!" — आणि अक्का बसल्या, ढिम्म!

सून रोहिणी कासावीस. निदान घड्याळ चाललं तर आईंना उभारी येईल, म्हणून ती गेली घड्याळवाल्या हमीदभाईंच्या दुकानात. त्यांनी झाकण उघडलं, भिंग लावलं — आणि हसायलाच लागले!

"वहिनी, कुंकू भरलेलं घड्याळ पहिल्यांदाच बघतोय! यंत्र मात्र ठणठणीत. याला सेल नाही, किल्ली नाही. आत हे अर्ध्या चंद्रासारखं वजन आहे ना? हात हलला की ते फिरतं, आणि स्प्रिंग आवळली जाते."

"मग बंद का पडलं?"

"देव्हाऱ्यात त्याला हलवणार कोण?"

रोहिणी घरी आली आणि घड्याळ बांधलं — अक्कांच्या डाव्या मनगटावर!

"अगो, या मेल्या हाताला कशाला?"

"आई, बाबांचं घड्याळ आता तुमच्यावर. तुम्ही बसलात की ते बसलं. मी हात लावणार नाही!"

काय ही सून! सासवांनो, गप्प का झालात?

अक्का चिडल्या, दुपारपर्यंत हात तसाच पडू दिला. मग पाहिलं — काटा थांबलेला. जिवाला लागलं! उजव्या हाताने डावा उचलला. वर, खाली. वर, खाली. टिकटिक सुरू! उजव्यानेच काटे फिरवून वेळ लावली. झोपताना घड्याळ उशाशी काढून ठेवलं. सकाळी बघतात तर रात्री अकरालाच थांबलेलं. "अकराच?" दुसऱ्या दिवशी आणखी हलवला — एक वाजता थांबलं. महिन्याने तीन, मग पाच. डॉक्टर नको, कागद नको. कालचे कष्ट किती, ते घड्याळच सांगायचं!

आणि एका सकाळी, सात वाजून गेलेले, सेकंदाचा काटा पळतोय!

"रोहिणी! धाव गो! रात्रभर चाललं!"

रोहिणी धावली, आणि दारातच थबकली. अक्कांनी घड्याळ उचलून उंच धरलं होतं. कुठल्या हाताने? बोला, मंडळी! डाव्या! उजवा मांडीवर तसाच!

देवाची मर्जी नव्हती का? होती! आतलं वजन त्यानेच ठेवलं होतं. हलायचं तेवढं अक्कांचं राहिलं होतं. आता तुमचं सांगा. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं कुणी देवावर टाकलंय? भावाशी तुटलेलं बोलणं? अर्ध्यावर सोडलेली विद्या? नवस पुरे झाले! नाव विठ्ठलाचं घ्या — पण आधी उठा!