डावा खांदा, अर्धा इंच

— बसू नका, उभ्याच राहा अक्का, आणि स्वल्पही हलू नका, टाचण्या टोचतील. हुक लावायचे राहिलेत म्हणून पुढं टाचण्याच लावल्यात. आज तयारच ठेवायला हवा होता मी, होय, चूक माझीच, पण झालंच आता, दहा मिनिटं, फार तर पंधरा. अर्धी रजा टाकून आलात म्हणता ना, मग घाई कसली? तुमचा अंगातला ब्लाउज त्या खुर्चीवर ठेवलाय, कुठं जात नाही तो. दार? दार मीच लावलंय, ट्रायलला बायका येतात म्हणून लावते. वरची कडी घट्ट आहे, मी काढीन की. तेवढं घड्याळ बघून सांगा, माझी पाठ आहे तिकडं. अडीच? अडीचच ना? बरं.

बसलाय की नाही छान? पाठीवर एक चुणी नाही. कापणी आमच्या ह्यांची. आमच्यात असंच आहे — माप मी घ्यायचं, कापायचं त्यांनी. इथल्या बायका पुरुषाला टेप लावू देत नाहीत, म्हणून पाटी माझ्या नावाची, कस्तुरी ब्लाउज सेंटर, आणि ते बसतात संपिगे रोडच्या दुकानात. दुपारी जेवायला आले की माझी वही उघडायची, आकडे बघायचे, खडू घ्यायचा. बाई कोण, कशी, काही विचारत नाहीत. सोमवारी तुम्ही आलात, तुमचंही तसंच लिहिलं मी — छाती तेहतीस, कंबर सत्तावीस, डावा खांदा अर्धा इंच उतरता. त्यांचं नाव? अय्यो, मी कसं घेऊ? लग्नात उखाण्यात घेतलं ते एकदा, त्यानंतर नाही. सगळी गल्ली त्यांना टेलर अण्णाच म्हणते.

हात थंड लागतोय का माझा? सॉरी हं. आज सकाळपासून असाच आहे. चहा करून प्याले दोनदा, तरी नाही. काही नाही हो, बरी आहे मी. बोलत राहिलं की बरं वाटतं. तुम्हाला किती वर्षं झाली लग्नाला? सहा. म्हैसूरला असताना झालं होय? मुलगी आहे? पाच वर्षांची — मल्लेश्वरमच्याच शाळेत? नको, शाळेचं नाव नको सांगू, म्हणजे सांगू नका, मला कशाला हवं ते. मालक चांगले आहेत ना? दिसतंच आहे. तुमची मान अशी सैल आहे, मी हात लावला तरी अंग चोरत नाही. मी चोरते. माझं नऊ वर्षांचं लग्न, आणि अजून चोरते.

हा गळ्यातला होय? हा टाक आहे. तुम्ही आल्यापासून बघताय त्याच्याकडं. मला दुसरेपणावर दिलेली ना, मग सवतीचा टाक घालावा लागतो आपल्यात. गेली बिचारी, काविळीनं, माहेरी असताना. तिच्या नावाचा हा सोन्याचा पत्रा. नवी साडी आली की आधी ह्याला लावायची, मग नेसायची. पितृपक्षात अविधवा नवमीला तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालते मी, ओटी भरते, आणि त्या सवाष्णीला द्यायचा ब्लाउज हे स्वतः शिवतात, तिच्या मापाचा. कुठल्या बाईला बसतो तो? कुणालाच नाही. मग माझ्याकडंच येतो. माझे सगळेच तसे. पहिला महिना मी म्हटलं, अहो, कंबरेत आवळतोय, डावीकडं ओढतोय, टेलरची बायको आणि ब्लाउज असला? तर म्हणाले, होईल सवय. मग मी रात्रीचं जेवण सोडलं. झाली सवय.

हसू नका, तुम्हाला वाटेल बाई काय बोलते, पण मला आवडायचं ते. विसाव्या वर्षी लग्न झालं माझं, हुबळीहून आले, कुणी कधी नीट बघितलेलं नाही माझ्याकडं. आणि हे दुपारी दुकान बंद करून यायचे, म्हणायचे, घाल बघू नवा. हुक त्यांनीच लावायचे, खालून वर, एकेक, बोटं अशी सावकाश — आणि सगळे लावून झाले की वरून खाली काढायचे. श्वास धरून उभी राहायचे मी. वाटायचं, एवढा जीव कोण लावतं बायकोला? माझ्या बहिणींचे नवरे तोंडाकडं बघत नाहीत त्यांच्या. फक्त एक होतं. तळहात माझ्या ह्या डाव्या खांद्यावर ठेवायचे आणि दाबायचे. रोज थोडं, इस्त्रीनं घडी बसवतात ना, तसं. म्हणायचे, हा वर राहतोय, खाली घे. मी घ्यायचे खाली. आता न सांगताच राहतो तो खाली. डॉक्टर विचारतात, बाई, तुम्ही वाकड्या का उभ्या राहता?

आणि डोळे मिटून हाक मारायचे, राजलक्ष्मी. माझंच नाव ते, लग्नातलं. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिहिलं त्यांनी. भटजी म्हणाले, अहो, गेलेल्या बायकोचं नाव नव्या मुलीला ठेवू नये. ऐकलं नाही. बाहेरच्या पाटीवर कस्तुरी, घरात राजलक्ष्मी —

काय झालं अक्का? टोचली का? बघू. रक्त नाही आलं. मग अशा काय बघताय?

पाणी घ्या. घ्या हो, नुसतं पाणी आहे. एक विचारू? हा खांदा असा कशानं झाला तुमचा? सोमवारी माप घेताना हाताला लागलं माझ्या, इथं हाड जुळून आलंय, गाठ आहे. पायऱ्यांवरून पडलात. कुठं, लग्नाआधी? आधीच्या घरी. अस्सं. आनेकलला ना? नाही, तुम्ही नाही सांगितलंत, मीच म्हणतेय. ते घर मी बघितलंय अक्का. सासूबाई असेपर्यंत दर वर्षी जायचो आम्ही. त्या घराला पायऱ्या नाहीत. एक उंबरा आहे, तोही विताचा.

ओरडू नका. पाया पडते, ओरडू नका, शेजारी शेषगिरींच्या घरी सगळी असतात, धावत येतील आणि पहिल्यांदा त्यांनाच फोन करतील दुकानात. ऐका. होय, नरसिंगराव. घेतलं बघा नाव. तेच. मला माहीत नव्हतं हो. तुम्हालाही नव्हतं, म्हणून तर ब्लाउज शिवायला आलात तुम्ही ह्या घरात, इतक्या सगळ्या टेलरांत. मला आजवर ठाऊक ते हेच, की थोरली काविळीनं गेली. तुम्ही पळून गेलात हे मला सोमवारी कळलं. नऊ नवम्या मी तुमच्या नावानं जेवू घातल्या, आणि तुम्ही म्हैसूरला भाजी-भाकरी करत होतात, पोरीला वेण्या घालत होतात.

सोमवारी दुपारी आले जेवायला. वही उघडली. आणि खडू पडला हातातून. मी म्हटलं, काय झालं? म्हणाले, हे माप कुणाचं? म्हटलं, नवी बाई आहे, अनुसूया नाव लिहिलंय. खाली बसले. तुमचं माहेरचं नाव ते, मला काय ठाऊक? मग हसले, म्हणाले, मेली नव्हती ती, पळाली होती. नऊ वर्षांत मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. मंगळवारी दुकान उघडलं नाही, बुधवारी नाही, हा तुमचा ब्लाउज मांडीवर घेऊन बसले, टाका घालायचे, उसवायचे. त्यानंतर माझ्याशी बोलले ते एवढंच, गुरुवारी ती येईल, तिला थांबव. हुक मुद्दाम लावायचे ठेव. बोलत बस, तीन वाजता मी येतो.

आणि मी होय म्हटलं. खोटं कशाला सांगू? त्यांनी सांगितलं, सरी, बरं, म्हटलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं बघून काहीतरी मागितलं त्यांनी. आणि मनात आलं, ही आली की माझ्या अंगावरचं हिचं माप उतरेल, मला माझ्या मापाचा एक ब्लाउज मिळेल. काय करतील तुमचं, ते मनात आणलंच नाही मी. आणलं, पण सोडून दिलं. आज सकाळी निघताना मोठी कात्री कागदात गुंडाळून घेतली त्यांनी. धार लावायला देतो म्हणाले. धार गेल्याच आठवड्यात लावलीय, मीच पैसे दिले धारवाल्याला, ह्या दारात. तेव्हापासून हात गार आहेत माझे. मला वाटलं होतं बोलून वेळ काढेन, हवापाण्याचं काहीतरी. पण तुम्ही पोरीचं सांगितलंत. आणि ती मान तुमची, अशी सैल. ती आता बघा कशी झालीय, माझ्यासारखी.

वेळ किती झाली? सांगा ना. तीनला दहा कमी. निघा. मागच्या दारानं, न्हाणीघराच्या बाजूनं, तिकडं ती झाडूवाल्यांची गल्ली आहे, ती सरळ आठव्या क्रॉसच्या रस्त्याला निघते. पुढं रिक्षा मिळेल. टाचण्या राहू देत, पदर ओढून घ्या, घरी जाऊन काढा. पैसे कसले देताय, वेड्या आहात का? ही पावती घ्या, पत्ता आहे हिच्यावर तुमचा, वहीतलं पानही फाडते, हे घ्या. त्यांनी पत्ता बघितलाय का? नाही माहीत. म्हणून घरी राहू नका आज. मुलीला शाळेतून घ्या आणि मालकांना सांगा, सगळं सांगा, आणि म्हैसूरला जा, नाहीतर आणखी कुठं. माझं काय? मी काय, मी राजलक्ष्मीच आहे की. मी येऊ तुमच्याबरोबर? नको अक्का. मी दिसले नाही तर ते लगेच निघतील, मी असले तर स्वल्प वेळ जाईल. आणि, लाज वाटते सांगायला, पण मला सोडवत नाही त्यांना. भीती वाटते तरी नाही सोडवत. तुम्ही कसं सोडलंत? नको, सांगू नका. जा. चप्पल हातात घ्या. मागं वळून बघू नका, कडी मी लावते. जा म्हटलं ना.

— कोण?

आले, आले. उघडते. लवकर आलात? स्कूटरचा आवाज नाही आला मला, मशीनवर होते. या ना, आत या. नाही, ती नाही आली. मी वाट बघतेय केव्हाची, दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. येईल की, अजून तीन कुठं वाजलेत? ती कात्री ठेवा ना तिथं, टेबलावर. पाणी देऊ?

कुठला? तो, खुर्चीवरचा?

तो माझा. माझाच आहे हो, सगळे त्याच मापाचे तर आहेत, तुम्हीच शिवलेत. शिवण वेगळी दिसते? जुना आहे, उसवून घेतला होता मी. गरम लागतोय? उन्हात होता, आत्ताच आणलाय आत. नका असा वास घेऊ. द्या इकडं. द्या, घालून दाखवते, तुम्ही हुक लावा. हा बघा खांदा, घेतला खाली. आणखी घेऊ?