घडीघरातलं बारावं वजन

नाही, नाही, ते कपाट राहू द्या ताई, त्यात काही नाही — जुनी ताडपत्री आहे आणि उंदरांची पिलावळ, उघडलंत तर अंगावर येतील. तुम्ही इतिहास लिहून घ्यायला आलात ना? मग इतिहास विचारा की. कपाटात कसला आलाय इतिहास. बसा, त्या स्टुलावर बसा, त्याचा एक पाय डुगडुगतो, भिंतीला टेकलात की झालं. लिहा — इथे आधी वाळू होती, नुसती वाळू, आणि मासे वाळत घालायचे बांबू. मग लढाई लागली, नौदलाला समुद्रावर नजर ठेवणारी विमानं हवी होती, म्हणून मच्छीमारांना उठवलं आणि अठरा महिन्यांत धावपट्टी केली, दोन हँगर केले, आणि ही खोली — ही एवढी उंच का, माहितीये? वर बघा ना, मान दुखेपर्यंत बघा. भिजलेली पॅराशूटं वर टांगून सुकवायची म्हणून. कप्पीने वर ओढायची, आणि अख्खी खोली पांढरी होऊन जायची. याला घडीघर म्हणायचे. नौदलाच्या कागदांवर काहीतरी लांबलचक नाव होतं, ते कोणी घ्यायचं नाही.

तळ बंद झाला त्याला सदतीस वर्षं झाली. मग इथे गाड्या चालवायला शिकवायचे, मग कोणी खताची पोती ठेवली, एका वर्षी तर धावपट्टीवर सर्कस उतरली होती, उंट फिरायचे हँगरमागे. पण घडीघराची किल्ली माझ्याकडे राहिली. का म्हणजे? कोणी मागितली नाही म्हणून. मीही दिली नाही — ते पत्र ठेवा हो पर्समध्ये, वाचलं मी. तुमच्या संग्रहालयाच्या साहेबांची सही आहे, समजलं. छताला पॅराशूट टांगणार, लोक तिकीट काढून बघायला येणार, छान आहे. दुसरं आणा ना कुठून तरी. बाजारात मिळतात जुनी. इथे नाहीत म्हणून सांगा.

यादीत आहेत? कसल्या यादीत? — दाखवा. माझा चष्मा... हं. दोन नग, सीलबंद, पाठवायचे होते, पोचले नाहीत. हे कुठे सापडलं तुम्हाला? इतक्या वर्षांनी कोणाला एवढा वेळ असतो ताई, जुने कागद उकरत बसायला.

थांबा, मला जरा बसू द्या. नाही, पाणी नको. मला भीती वाटतेय हो. हसू नका. म्हातारी बाई कापडाच्या दोन गाठोड्यांना घाबरते, हसण्यासारखंच आहे म्हणा. सांगते. सांगितल्यावर तुम्हालाच वाटेल, राहू दे ते कपाट बंद.

आम्ही दोघी होतो या टेबलावर. हे टेबल तेच, तेरा मीटर, याची फळी आमच्या हातांनीच गुळगुळीत झालीये. मी आणि वन्सं. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण — त्यांनीच मला इथे चिकटवलं, नवरा जहाजावर, पोर दहा महिन्यांचं, घरात बसून करणार काय. घडी घालायला वन्संनी शिकवलं. पॅराशूट पसरायचं, दोऱ्या सरळ करायच्या, एकेक पाकळी दुमडायची, आणि दुमडलेली सरकू नये म्हणून वर वजनं ठेवायची — वीतभर लांब, अंगठ्याएवढी जाड, कापडात शिशाचे छर्रे शिवलेले. टेबलाला बारा. गाठोडं बांधायच्या आधी वजनं काढायची आणि मोजायची, बारा झाली तरच बांधायचं. का? अहो एक जरी आत राहिलं, तर उघडताना दोऱ्यांत गुंतणार, आणि माणूस दगडासारखा खाली. घडी घालेल त्याने कार्डावर सही करायची, कार्ड गाठोड्याच्या खिशात, त्याची कार्बन प्रत वहीत. म्हणजे उद्या काही झालं तर कोणाला धरायचं ते कळतं.

आता आमची एक खोड ऐका, ही तुमच्या कागदांत नसणार. नियम असा की घडी झाली की सही. पण शाईचा हात कापडाला लागला की डाग, आणि डाग दिसला की अख्खं पॅराशूट परत धुवायचं, सुकवायचं. म्हणून आम्ही सकाळी आल्या आल्या दिवसभराच्या कार्डांवर सह्या ठोकून टाकायचो, मग साबणाने हात धुवायचो, मग कापडाला हात. सगळ्याच करायच्या. साहेबालाही माहीत होतं, तो दुसरीकडे बघायचा.

त्या दिवशी वन्संनी तीन कार्डं सही करून ठेवली, आणि दुपारी त्यांना असा ताप भरला की उभं राहवेना. मी म्हटलं तुम्ही मागच्या दाराने घरी जा, तुमची तीन मी घालते. रजा मागितली असती तर अर्जफाटे, त्यापेक्षा हे बरं वाटलं. मी घातली. माझी चार आणि त्यांची तीन — चारला घर गाठायचं होतं, पोराला शेजारणीकडे ठेवलं होतं, तिची कुरकुर असायची. माझी चार मोजून बांधली, देवाशपथ. त्यांची तीन... तीन भराभर बांधली, आणि वजनं शेवटी एकदाच मोजली.

अकरा. परत मोजली, अकरा. टेबलाखाली रांगले, झाडू मारला, कप्पीच्या दोरीत बघितलं, ब्लाऊजमध्येसुद्धा बघितलं हो. तिन्ही सोडून परत घालायची म्हणजे तीन तास, आणि साहेब विचारणार का थांबलीस, वन्सं कुठेत. दोघींची नोकरी गेली असती. मी म्हटलं सकाळी सहाला येऊन गुपचूप तिन्ही सोडू. घरी जाऊन तसंच एक वजन शिवलं, आत समुद्राची वाळू भरली. हलकं होतं, पण मोजणारा मोजतो, उचलून कोण बघतो? बारा झाली.

सकाळी सहाला आले तर वन्संच्या तिन्हींपैकी मांडणीवर दोनच. तिसरं घेऊन शिट्टी पाचलाच उडाला होता — शिट्टी म्हणजे तो वैमानिक, सारखा शिट्टी वाजवायचा, चोवीस वर्षांचा होता, आमच्या पोराला टोपी घालून हसवायचा. मी पहिल्या गाठोड्याला हात घालणार तेवढ्यात भोंगा झाला. त्याचं इंजिन पेटलं होतं. किनाऱ्यावरच्या लोकांनी बघितलं, त्याने उडी मारली, पॅराशूट बाहेर आलं आणि उघडलंच नाही, दोरीसारखं लांब होऊन त्याच्यामागे गेलं. समुद्राने ना तो परत दिला, ना ते.

तासाभरात साहेबाने उरलेल्या दोन्हींना शिशाचं सील ठोकलं. चौकशीला तिघे आले, अर्धा दिवस बसले, तळ बंद करायचा हुकूम आधीच आला होता, कोणाला रस होता त्यात? वर्षभर वन्सं लिहून देत होत्या की वरचं छत गळतं, कापड नीट सुकत नाही, चिकटतं — तीन अर्ज, तिन्हींवर साहेबाचा शेरा, 'पाहिले'. ते कोणी वाचले नाहीत. कार्डांची वही बघितली, सही वन्संची. वन्सं म्हणाल्या, सही माझी आहे. एवढंच म्हणाल्या. रात्री मी त्यांचे पाय धरले तर म्हणाल्या, "तुला लेकरू आहे. मला कोण आहे?" आणि पुन्हा तो विषय नाही. अकरा वजनांचं मी त्यांना सांगितलंच नाही, ताई. त्यांना वाटतं मी घडी घातली, बस. त्यांना वाटतं माझं चुकलं नसेल, नशीब खोटं.

आठ दिवसांनी शिट्टीची आई आली. कुठून कुठून विचारत आमच्या दारात. भांडायला नाही, तिला फक्त बघायचं होतं. म्हणाली, "माझ्या मुलाची घडी कोणी घातली?" मी दाराच्या आड, कडेवर पोर. वन्सं पुढे झाल्या. "मी," म्हणाल्या. ती बाई त्यांच्या हातांकडे बघत राहिली. मग गेली. वन्संनी त्यानंतर तीस वर्षं धोबीखान्यात चादरींना इस्त्री केली, आणि वस्तीतली माणसं नजर चुकवायची त्यांची. माझ्याशी मात्र सगळे नीट. माझं पोर शिकलं, परगावी गेलं, नवरा गेला, आता घरात आम्ही दोघीच आहोत.

आणि ही दोन सीलबंद — बरोबर आहे तुमची यादी. मुख्य कार्यशाळेत तपासायला पाठवायची होती. मीच लॉरीत चढवायची होती. मुकादम म्हणाला झालं का सगळं, मी म्हटलं झालं. या कपाटात ताडपत्रीखाली सरकवली. का, काय का? हिशोब सरळ आहे. या दोन्हींपैकी एकात ते वजन असेल, तर शिट्टीच्या पाठीवर नव्हतं. आणि या दोन्हींत नसेल तर — समजलं ना? बंद आहेत तोवर दोन्ही खरं आहे. इतकी वर्षं मी रोज सकाळी येऊन कुलूप ओढून बघते, आणि घरी जाते. किती वेळा कात्री आणली. नाही झालं. कात्री पदराखाली घालून परत.

तर आता कळलं. आता जा आणि नाही सापडली म्हणून लिहा.

ताई. ताई, नका. तो कोयंडा कच्चा आहे, ओढू नका — झालं. घ्या. निघाला.

हं, हीच. ठेवा टेबलावर. नाही, मी हात लावणार नाही. मी इथे भिंतीशी उभी राहते, तुम्ही करा काय ते. सील कापा. असं नाही — ही उघडायची मूठ सरळ ओढायची, तिरकी नाही, आणि तोंड बाजूला करा, आतली स्प्रिंग उडते. बघा, म्हटलं ना. आता एका हातामागे दुसरा हात टाकत कापड ओढा, हळू. चिकटलंय ना? चिकटणारच, तेव्हाही चिकटायचं. दोऱ्यांच्या बाजूने चाचपा, तिसऱ्या दुमडीखाली, वजन राहिलं तर तिथेच राहतं. शेवटपर्यंत बघा. नाही? नीट बघा. झटकून बघा. — नाहीये.

नाहीये. बरं. राहू द्या ना दुसरं. एक पुरे नाही का छताला? मला जाऊ द्या मग बाहेर, दार लावून घेते मी, तुम्ही — नाही, थांबते मी ताई. ओढा. दुसऱ्याचीही मूठ ओढा एकदाची, माझा जीव नुसता टांगलाय इथे. सगळं बाहेर काढा. दोऱ्या... तिसरी दुमड... काय थांबलात? काय लागलं हाताला?

इकडे द्या. द्या माझ्या हातात.

निळा दोरा आहे. आमच्या टेबलाची वजनं निळ्या दोऱ्यानेच शिवलेली असायची, पलीकडच्या टेबलाची काळ्या. जड आहे केवढं. हेच. हे इथेच होतं. म्हणजे त्याच्या पाठीवर — म्हणजे मी नाही. ते कापड ओलं होतं, चिकटलं असेल, वन्सं लिहून लिहून थकल्या होत्या ते. मी नाही हो. हसतेय का मी? मला कळत नाहीये मी काय करतेय, जरा धरा मला.

काय म्हणालात? आनंदाची बातमी, घरी जाऊन सांगा? होय. होय ना. वन्सं, तुम्ही उगाच — नाही, असं नाही. वन्सं, ते गाठोडं मी त्याच आठवड्यात उघडलं असतं तर चिकटलेलं कापड सगळ्यांना दिसलं असतं, तुमचे अर्ज कोणीतरी वाचले असते. ती बाई दारात आली तेव्हा तुम्हाला पुढे व्हावं लागलं नसतं. लॉरी उभी होती वन्सं, मी नाही चढवली. हे सांगू? ऐंशीला टेकलेल्या बाईला हे सांगू? आज सकाळी नऊ वाजता मी निघाले तर म्हणाल्या, लवकर ये, एकटीने घास उतरत नाही.

तुम्ही म्हणता भीती गेली असेल आता. कुठे गेली? ते सापडलं नसतं ना, तर मी गप्प बसले असते, मरेपर्यंत गप्प बसले असते, सवय आहे मला. आता सापडलंय. आता बोलायला हवं. मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती, त्या भोंग्याच्या वेळीसुद्धा नाही.

घेऊन जा ते कापड. दोन्ही न्या, टांगा कुठे टांगायचं ते. वजन नाही देणार, ते राहू द्या माझ्याकडे. आणि सोडायला नका येऊ, घर जवळच आहे. जा ताई. जा म्हटलं ना.