उंदराशिवाय जुळवलेली कॉइल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय डॉ. गंगाधर सामंत सर, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण परळच्या या सभागृहात जमलो ते आमच्या कार्यशाळेचे लवू परब, समोर बसलेल्या मालनवहिनी आणि मित्रहो,

मी इरावती. परबांबरोबर एकोणीस वर्षं काम केलं, म्हणून चार गोड शब्द बोलायला मला उभं केलंय. गोड शब्द आधीच्या वक्त्यांनी संपवले. माझ्याकडे उरलंय ते एवढंच: या माणसाचा मी मत्सर करते. आजही.

वहिनी, आमचं काम थोडक्यात सांगते. प्रयोगशाळेतल्या उंदराचा एमआरआय काढायला माणसांची कॉइल चालत नाही. उंदराच्या डोक्याला लागून बसेल अशी इवलीशी तांब्याची कॉइल लागते. त्याच्या शरीरातून येणारा अगदी क्षीण रेडिओ संकेत ती ऐकते. तिची फ्रिक्वेन्सी जरा हुकली, की पडद्यावर नुसतं धुकं.

सात वर्षांपूर्वी मेंदूतल्या गाठीच्या प्रयोगासाठी मी अशी कॉइल केली. तीन महिने गणित केलं. टेबलावर आकडा अगदी नेमका आला, म्हणून सगळे भाग कायमचे सोल्डर करून टाकले. मग आत उंदीर ठेवला आणि धुकं आलं.

परब दारात उभे होते. म्हणाले, "बाई, रिकामीच जुळवलात काय? उंदीर आत गेलो की फ्रिक्वेन्सी बदलतलीच."

"परब, फिजिक्स मला शिकवू नका."

"मी खंय शिकवतंय? उंदीर शिकवता."

त्यांनी रबरी हातमोज्याचं एक बोट कापलं, उंदराच्या वजनाइतकं मिठाचं पाणी त्यात भरलं, गाठ मारली आणि तो खोटा उंदीर आत ठेवून स्वतः केलेली नवी कॉइल जुळवली. दोन दिवसांनी खऱ्या उंदराच्या मेंदूतल्या गाठीची कडसुद्धा पडद्यावर स्वच्छ दिसली. मला आनंद झाला का? त्या संध्याकाळी शिवाजी पार्कला मी तीन फेऱ्या मारल्या, तरी राग उतरेना. माझं घर पुस्तकांनी भरलेलं, आणि हातमोज्याचं बोट सुचावं यांना?

मग लेख छापून आला. सहा नावं, पहिलं माझं. कॉइल परबांची, आणि परब शेवटच्या आभाराच्या ओळीत, तेही 'कार्यशाळेचे कर्मचारी' म्हणून. सामंत सरांनी तेव्हाच विचारलं होतं, "परबांचं नाव राहिलं का?" मी म्हटलं, "त्यांना काय फरक पडतो, सर?" दर एक मेला श्रमाच्या प्रतिष्ठेवर घसा फोडून बोलणारी मी, हे वाक्य बोलले.

परबांनी लेखाची प्रत मागितली. "कशाला हो?" तर म्हणाले, "मालनाक दाखवतंय."

वहिनी, तुम्ही त्यात नाव शोधलंत का?

मान खाली घालू नका. ती मी घालायची. आज सकाळी मी त्या नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र पाठवलं. पहिलं नाव लवू परब, दुसरं माझं. इथे येण्याआधीच पाठवलं, कारण सभागृहाच्या टाळ्या परबांसाठी वाजताना माझं मन फिरलं असतं. माझा माझ्यावर तेवढा भरवसा नाही.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. परब, तुमची माफी वेगळी मागते. ती इथे, चारचौघांच्या भिडेखातर देऊ नका. घरी जा, वहिनींना विचारा, मग काय ते ठरवा.